हरेश्वरभाऊंच्या पेशींना वारा किती?

मार्च लागला की आमच्या नागपुरात थंड हवेच्या ठिकाणांची चौकशी सुरू होते. शेजारच्या देशपांडेबाई मनालीला गेल्या, समोरचे वानखेडे सहकुटुंब उटीला गेले. मी भाईंदरला गेले. परत आल्यावर सगळ्यांनी एकमेकांचे फोटो पाहिले. देशपांडेबाईंच्या फोटोत बर्फ होता, वानखेड्यांच्या फोटोत चहाचे मळे होते आणि माझ्या फोटोत गुलाबी पाणी भरलेली एक चपटी बाटली होती.

"हे काय?" देशपांडेबाईंनी विचारलं.

"हे हरेश्वरभाऊ," मी म्हटलं. "म्हणजे त्यांचा थोडासा भाग."

त्यानंतर सविस्तर सांगणं भागच होतं. जे भाईंदरला गेले नाहीत आणि जाण्याचा ज्यांचा विचारही नाही, त्यांच्यासाठी हे लिहून काढते आहे.

मी आयुष्यभर कॉलेजात शिकवलं आणि प्रयोगशाळेत पेशी वाढवल्या. बायका गुलाब वाढवतात तशा. मृणाल माझी विद्यार्थिनी. लग्न करून ती भाईंदरला गेली, नवरा मर्चंट नेव्हीत, वर्षातले बरेच महिने समुद्रावर. सासरची मंडळी मोरव्याची, म्हणजे भाईंदर पश्चिमेच्या जुन्या गावातली. एकेकाळी त्यांची मिठागरं होती, भातशेती होती. मृणाल स्वतः मीरा रोडला सिल्व्हर पार्कात राहते आणि भाईंदर पूर्वेला सासऱ्यांच्या मालकीच्या एका गाळ्यात तिने छोटी प्रयोगशाळा थाटली आहे. तिथे ती मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, वाढवते.

एके दिवशी दुपारी तिचा फोन आला. आवाज रडवेला.

"बाई, सासरे वाढत नाहीयेत."

"कोणत्या दिशेने?" मी विचारलं.

मग उलगडा झाला. तिच्या सासऱ्यांचं, हरेश्वरभाऊंचं, खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. काढलेल्या हाडातला मगज एरवी फेकूनच देतात. तो भाऊंच्या परवानगीने मृणालने मागून घेतला आणि त्यातल्या मूळ पेशी वेगळ्या करून छोट्या कुप्यांत गोठवून ठेवल्या. वयस्कर माणसाच्या पेशी नीट वाढवता येतात का, हे एका मोठ्या संस्थेला पाहायचं होतं. त्यांचे लोक यायचे होते. आणि पेशी तर रुसून बसलेल्या. बऱ्याच कुप्या वाया गेल्या होत्या. आता दोनच उरल्या होत्या.

"येते," मी म्हटलं आणि कपाटातून सावजी मसाल्याचा डबा काढला. परक्या मुलखात रिकाम्या हाताने जाऊ नये.

घोडबंदरहून मोरवा

कल्याणला उतरून टॅक्सी केली. घोडबंदर रस्त्यावर एका बाजूला डोंगर, एका बाजूला खाडी आणि मध्ये गाड्यांच्या रांगेत आम्ही, सगळे उभे. ड्रायव्हर हिंदीत कुणाशी तरी फोनवर तावातावाने भांडत होता. पलीकडचा माणूसही हिंदीतच. बऱ्याच वेळाने ड्रायव्हर म्हणाला, "अरे, तू पाटील काय? मग आधी सांगायचं ना!" आणि दोघं मराठीत हसायला लागले. या भागात हे मी पुढे रोज पाहिलं. मराठी माणसं एकमेकांशी हिंदीत भांडतात, गुजरातीत भाव विचारतात आणि आडनावं कळली की मराठीत चहा पितात.

मोरव्याला रस्ता बारीक होतो. टॉवर मागे राहतात. घरांपुढे तुळस, स्कूटर आणि जाळीवर वाळत घातलेली मासळी एकाच रांगेत. मधूनच उघडी, चमचमती सपाट जमीन दिसते. ती मिठागरं. हरेश्वरभाऊ दारातच उभे होते, हातात काठी, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट.

"या मास्तरीनबाय," ते म्हणाले. "माज्या पेशींचा काय बिघडलाय ते सांगा. मी तर बरा हाय. त्यानला काय झाला?"

त्यांच्या मागून त्यांच्या पत्नी आल्या. सगळं मोरवा त्यांना तारावहिनी म्हणतं, मीही म्हणू लागले. त्यांनी माझी पिशवी घेतली आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "ताईनला पयलं बसू तर दे. तू आन तुजी हाडं पलून जात न्हाय."

जेवायला बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी. मी सावजी मटणावर वाढलेली बाई. तिखटाला भीत नाही, पण काट्यांना भिते. बोंबील मऊ निघाला म्हणून निभावलं. भाऊ बारकाईने बघत होते.

"भिंग खाल्लंय का कवा?" त्यांनी विचारलं.

"नाही. कसा लागतो हा मासा?"

"गोड. पन काटे लय. इमानदार मानसालाच जमतंय."

मी विषय बदलला.

गाळा

दुसऱ्या दिवशी मृणालने मला भाईंदर पूर्वेला नेलं. एका बाजूच्या गाळ्यात स्टीलचे चमचे बनतात, दुसऱ्या बाजूच्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं. मधल्या गाळ्यात हरेश्वरभाऊ. आत सगळं लखलखीत होतं. चपला बाहेर, हात कोपरापर्यंत धुवायचे, मग गाऊन. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि सगळं समजलं.

हाडातल्या या मूळ पेशी धडधाकट असल्या की लांबट, दोन्हीकडे निमुळत्या दिसतात. थव्याने एका दिशेला तोंड करून असतात. म्हाताऱ्या झाल्या, थकल्या, की पसरतात. रुंद, चपट्या होतात आणि दुभागायचं सोडून देतात. मृणालच्या बाटलीतल्या सगळ्या पसरल्या होत्या.

भाऊ आमच्याबरोबर आले होते. त्यांना कळेल असं सांगावं म्हणून मी म्हटलं, "भाऊ, या पेशी बोंबलासारख्या दिसायला हव्या होत्या. यांचं पापलेट झालंय."

भाऊंचा चेहरा उजळला. "मंग चांगलाच झाला की! बोंबलापरास पापलेट कवाबी भारी."

मृणाल दुसरीकडे तोंड करून हसली. मी माझा घसा साफ केला आणि तिला विचारलं, "प्राणवायू किती देतेस?"

"नेहमीचाच, बाई. बाहेरच्या हवेत असतो तेवढा."

तिथेच मेख होती. आपण श्वास घेतो त्या हवेत शंभरातले एकवीस भाग प्राणवायू. पण रक्तातून झिरपत झिरपत हाडाच्या आतल्या पोकळीत पोचेपर्यंत तो थोडाच उरतो, चार-पाच भाग, कुठे त्याहूनही कमी. या पेशींचं घर ते. त्यांना बाटलीत घालून एकदम बाहेरची हवा दिली की हा जास्तीचा प्राणवायू त्यांना आतून गंजवतो. काही दात्यांच्या पेशी ते सोसतात, काहींच्या लवकर म्हाताऱ्या होतात. भाऊंच्या पेशी दुसऱ्या जातीच्या असाव्यात.

"प्राणवायू पाच भागांवर आणू," मी म्हटलं. "मोठं यंत्र नको. घट्ट झाकणाचा एक डबा घेऊ, त्यात बाटली ठेवू, तयार मिश्रणाचा वायू सोडू आणि झाकण आवळून डबा नेहमीच्या उबदार कपाटात ठेवू."

"म्हंजे वारा कमी करनार?" भाऊंनी विचारलं.

"हो."

"न्हाय."

"नाही म्हणजे?"

"न्हाय म्हंजे न्हाय. माजा हाड, माजा शब्द. आमची मानसं मिठागरावर जन्मली, चारी बाजूनं वारा. आनि तुमी माज्या पेशींना डब्यान कोंडताव? त्या आजारान सगली दुनिया ऑक्सिजनसाठी धावत होती, आनि ही बाय नागपूरवरना येऊन बोलते, कमी करा!"

दात्याने नाही म्हटलं की विषय संपतो. हा नियम मीच मृणालला वर्गात शिकवला होता. ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू तो नियम मी आत्ताच्या आत्ता विसरून दाखवावा.

पैज

संध्याकाळी ओट्यावर तह झाला. एक कुपी उघडायची. अर्ध्या पेशी भाऊंच्या पद्धतीने, मोकळ्या हवेवर. अर्ध्या माझ्या पद्धतीने, डब्यात. खाणंपिणं, ऊब, बाटल्या, सगळं सारखं. आठवड्याने मोजायच्या. मी हरले तर अख्खं भिंग खायचं. भाऊ हरले तर मी केलेला सावजी रस्सा वाटीभर प्यायचा. आणि ज्याच्या पेशी जास्त, त्याच्या पद्धतीने शेवटची कुपी वाढवायची.

"दोगं बी पोरांवानी," तारावहिनी म्हणाल्या. पण सावजी मसाल्याचा वास घेऊन त्यांनी डबा चटकन बंद केला आणि नवऱ्याकडे जरा मायेने पाहिलं.

वायूच्या मिश्रणासाठी काशिमिऱ्याच्या एका दुकानदाराला फोन केला. आमचा निरोप त्यांच्याकडे कुठे कसा फिरला कोण जाणे, दुसऱ्या दिवशी एक माणूस घामाघूम होऊन गाळ्यात शिरला. हातगाडीवर सिलिंडर, खांद्यावर मास्क लटकलेला.

"मॅडम, पेशंट किधर है?"

"पेशंट अंदर है," मृणाल कामाच्या तंद्रीत म्हणाली.

"सीरियस है क्या?"

"हां, बढ़ ही नहीं रहा."

तो सिलिंडर आत ढकलायला लागला तेव्हा आमच्या लक्षात आलं की ते शुद्ध ऑक्सिजनचं होतं. भाऊ आनंदाने टाळी वाजवायचेच बाकी राहिले. "बगा! देवानंच पाठवला!" त्यांना बाजूला करून आम्ही ते परत पाठवलं. तोच माणूस मग योग्य सिलिंडर घेऊन आला. या खेपेला त्याने चिठ्ठी नीट वाचली होती आणि तो काळजीत होता.

"मॅडम, इसमें ऑक्सिजन तो ना के बराबर है. ये किसको दे रहे हो?"

मृणालने सवयीने भाऊंकडे बोट केलं. भाऊंनी छाती पुढे काढली. त्या माणसाने सही घेतली आणि मागे न बघता निघून गेला.

डबा भरला, झाकण आवळलं, आणि आमचा आठवडा सुरू झाला. दर दोन दिवसांनी आम्ही वायू बदलायचा, एवढंच काम.

उत्तन

मोकळ्या दिवसात तारावहिनी मला रिक्षाने उत्तनला घेऊन गेल्या. वाटेत राई, मुर्धा ही गावं, मग टेकडी, आणि एकदम समुद्र. रंगवलेल्या होड्या किनाऱ्यावर कलंडलेल्या, बांबूंच्या मांडवांवर बोंबील उलटे टांगलेले. एकेका जोडीचे जबडे एकमेकांत अडकवून त्यांना वाळवतात. मला ते प्रेमात पडल्यासारखे दिसले. वहिनींना सांगितलं तर म्हणाल्या, "असलाच असतंय लगीन. तोंडात तोंड, आनि उन्हात टांगलेला."

बाजारात एका कोळीणबाईशी त्यांची सुक्या जवळ्यावरून घासाघीस चालली. मी मध्ये पडून म्हटलं, "एवढं कशाला ताणता?" दोघी एकदम माझ्यावर उलटल्या. घासाघीस दोघींच्या आनंदाचा भाग होती आणि मी तो नासवत होते. आमच्याकडे बाई भाव विचारते, नाक मुरडते आणि पुढच्या दुकानात जाते. इथे भांडून झाल्यावर कोळीणबाईने भाऊंच्या खुब्याची चौकशी केली आणि मूठभर जवळा वर टाकला.

परतताना वहिनी जवळ्याची पुडी मांडीवर घेऊन बसल्या. मग म्हणाल्या, "ताई, मृणाल आजकाल जेवत न्हाय नीट. काय सांगत पन न्हाय. तुमाला काय बोलली का?"

नव्हती बोलली. मी तसं सांगितलं.

मोजणी

आठवडा संपला. भाऊ नवा शर्ट घालून आले. आधी त्यांची बाटली पाहिली. पापलेटंच, पण काही बोंबीलही होते. मग मी माझा डबा उघडला आणि माझं तोंड उतरलं. बाटलीतलं गुलाबी पाणी जांभळट झालं होतं आणि पेशी भाऊंच्या बाटलीपेक्षाही कमी. ज्या होत्या त्या मरगळलेल्या.

  भाऊ काठी टेकत बाहेर गेले आणि फोनवर भिंगाची ऑर्डर दिली.

मला मात्र तो जांभळा रंग छळत होता. त्या पाण्याला थोडा कार्बन डायऑक्साइड मिळाला की ते गुलाबी-केशरी राहतं; भाऊंच्या बाटलीला तो उबदार कपाटातूनच मिळायचा, माझ्या बाटलीला डब्यातल्या मिश्रणातून. साधी हवा लागली की जांभळं पडतं. म्हणजे डब्यात बाहेरची हवा शिरली होती. मी डब्याला साबणाचं पाणी फासलं, पंक्चरवाला ट्यूब तपासतो तसं. वायू भरून दाबून पाहिला. एक बुडबुडा येईल तर शपथ. डबा ठणठणीत होता.

संध्याकाळी मृणालने मला जेसल पार्कला खाडीच्या काठी नेलं. लोक चालत होते, मुलं सायकली चालवत होती, एक गुजराती कुटुंब खाकऱ्याचा डबा उघडून बसलं होतं. मृणाल कठड्याला टेकून म्हणाली, "बाई, मला हैदराबादहून नोकरी आली आहे. एका कुपीवर मी किती दिवस उड्या मारू? संस्थेचे लोक येऊन हे पापलेट बघून गेले की मी गाळा बंद करणार आहे."

"घरी माहीत आहे?"

"नाही. नवरा म्हणाला, तुझा निर्णय. आई-बाबांना सांगायचं धाडस होत नाही. त्यांनी माझ्यासाठी भाडेकरू काढून गाळा दिला. दोघंच राहतील मग इथे."

मी शहाणपणाचं काही तरी बोलणार होते. पण मला शहाणपणाचं काही सुचलं नाही, म्हणून आम्ही दोघींनी शेवपुरी खाल्ली.

भिंग

दुसऱ्या दिवशी दुपारी मोरव्याला माझ्या ताटात भिंग आलं. चव खरोखर गोड. पण काटे! एकेक घास म्हणजे सुईच्या डबीत चाचपणं. भाऊ समोर बसून, हनुवटी काठीवर टेकवून, मला मार्गदर्शन करत होते. "जिभेनं शोधा. घाई नका करू. हां, ह्यो काढा. अजून एक हाय."

मृणाल ताटाशी चाळा करत होती. अचानक तिने हात थांबवला आणि सगळं सांगून टाकलं. हैदराबाद, नोकरी, गाळा बंद. एका दमात.

भाऊंच्या हनुवटीखालची काठी घसरली. वहिनींनी हातातला डाव ताटलीत ठेवला. मग त्या नवऱ्याकडे वळल्या.

"आता सांगतो का मी सांगू?"

"काय सांगू?" भाऊ म्हणाले, पण आवाज बारीक झाला होता.

"रोज सकाली फिरायला जातो सांगून चावी घेऊन कुठं जातो?"

मी भिंगाचा घास तसाच तोंडात धरून बसले. ना गिळता येईना, ना थुंकता.

"त्या डब्याचा झाकन उघडून येतो हा," वहिनी मला म्हणाल्या. "घरी येऊन मना बोलतो, पोरांना वारा घालून आलो. मना वाटला, तुमची गंमत हाय, पैज हाय. मी गप र्‍हायली. पन माजी सून जाते बोलते, आता मी गप र्‍हानार न्हाय."

तर असं होतं. भाऊ रोज गाळ्यात जात. चपला काढत, हात कोपरापर्यंत धुवत, गाऊनही घालत. मग डबा उघडून थोडा वेळ हात जोडून उभे राहत आणि झाकण परत जसंच्या तसं लावत. आत उरायची साधी हवा. माझा वायू रोज गाळ्यात उडून जात होता.

"बाबा!" मृणाल ओरडली. रागापेक्षा त्यात रडूच जास्त होतं.

मलाही राग आला होता, पण तोंडात भिंग होतं. त्या भिंगाने मोठं काम केलं. मी काटे काढेपर्यंत भाऊ बोलले.

"मी त्या आजारान वार्डान होतो ना," ते मृणालकडे न बघता म्हणाले. "बाजूच्या खाटेवर एक मानूस होता. वसईचा. चांगला गप्पा मारायचा. तो श्वासासाठी तडफडत गेला, माज्या डोल्यासमोर. तुमी डबा आवललात तवा मना तोच दिसला. रोज सकाली वाटायचा, माजा कोन तरी आत गुदमरतोय. पैज जिकायला न्हाय उघडला. आईशपथ न्हाय."

 शेवटी माझा घास संपला.

"भाऊ," मी म्हटलं, "मासा पाण्याबाहेर काढला तर त्याच्याभोवती हवा भरपूर असते की नाही?"

"असतेच."

"मग तो का तडफडतो?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. उपमा शास्त्राच्या दृष्टीने फार बरोबर नव्हती. माझ्या वर्गात कुणी दिली असती तर मी अर्धेच गुण दिले असते.

"तुमच्या पेशी आयुष्यभर हाडाच्या आत राहिल्या," मी म्हटलं. "तिथे वारा नाही, खिडकी नाही. त्यांना तेवढ्याचीच सवय. आपण अगदी काढून घेतला तर त्यांनाही जगता येणार नाही. आपण फक्त त्यांच्या घरी असतो तेवढा देतोय."

भाऊंनी माझ्या ताटातला एक काटा बाजूला सारला. मग म्हणाले, "ह्या पयल्या दिवशी बोलली असती तर?"

बरोबर होतं. पहिल्या दिवशी मी पापलेटावर विनोद केला होता. भाऊ उठले, खिशातून गाळ्याची चावी काढली आणि मृणालच्या ताटाशेजारी ठेवली.

"शेवटची कुपी डब्यान घाल," ते म्हणाले. "मंग जायचा तर जा."

पहारा

शेवटच्या कुपीच्या आठवड्यात भाऊ रोज गाळ्याबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिले. चमच्यांच्या गाळ्यातला मालक सहज डोकावला तर त्याला "अंदर नहीं जाने का, पेशंट सोया है" म्हणून हाकललं. मृणालला हात पुन्हा धुवायला लावले. मला तर एकदा आतच सोडेनात, कारण मी शिंकले होते.

मी मात्र आतून भेदरलेली होते. काही दात्यांच्या पेशींना काहीही केलं तरी उपयोग होत नाही. हे मी कुणाला सांगितलं नाही. डबा उघडायच्या दिवशी सकाळी वहिनींनी केलेली घावनं माझ्या घशाखाली उतरेनात, आणि त्या घावनांमध्ये एकही काटा नव्हता.

झाकण उघडलं. पाणी गुलाबी-केशरी. मृणालने बाटली सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, वाकली आणि तशीच राहिली.

"अगं, बोल की बाप्पा!" मी म्हटलं.

ती नुसतीच बाजूला झाली. मी पाहिलं. लांबट, निमुळत्या, चमकदार पेशी, थव्याने एका दिशेला वळलेल्या. बाटलीचा तळ भरत आला होता. एवढी वर्षं मी हे पाहते आहे, तरी माझा चष्मा ओला झाला.

भाऊंना गाऊन घालून आत आणलं. काठी बाहेर ठेवायला लावली, म्हणून त्यांनी माझा खांदा धरला. त्यांनी एक डोळा मिटून दुसरा लावला.

"ह्यो गोल मनी कसला हाय? चमकतोय."

"ती पेशी दुभागतेय, बाबा," मृणाल म्हणाली. "एकीच्या दोन होतायत."

"आनि ती मी?"

"तुम्हीच."

"आनि ती दुसरी होईल, ती?"

"तीही तुम्हीच."

भाऊंनी डोळा काढला नाही. तसंच वाकून त्यांनी मोकळ्या हाताने केस सारखे केले. फोटो काढताना करतात तसे.

संध्याकाळी त्यांनी पैजेचा रस्सा प्यायला. हौसेने पहिला घोट घेतला. कान लाल झाले, मग कपाळ, मग डोळ्यांतून धारा. वहिनी ताक घेऊन धावल्या. भाऊ हात वर करून म्हणाले, "ताक नको. तो काशिमिऱ्याचा मानूस बोलवा. आता मना ऑक्सिजन पायजे."

निघताना

संस्थेचे लोक आले, तिघं, बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून. त्यांनी खूप प्रश्न विचारले आणि मृणालने सगळ्यांची उत्तरं दिली. मी कोपऱ्यात उभी राहून फक्त एकदा तोंड उघडलं, तेही जांभई आली म्हणून. त्यांना काम आवडलं. पुढचं काम मृणालच्या गाळ्यात होईल असं ठरलं. हैदराबादला तिने नकार कळवला. घरी मात्र तिने ते लगेच सांगितलं नाही. सासऱ्यांना एक दिवस आणखी घाबरू द्यावं, असा तिचा विचार होता आणि माझा त्याला पाठिंबा होता.

मी निघायच्या सकाळी ती मोरव्याला आली, बातमी दिली आणि मग जरा अडखळत भाऊंसमोर बसली.

"बाबा, अजून एक विचारायचंय. तुमच्या या पेशी आता गोठवून ठेवायच्या आहेत. बऱ्याच वर्षांसाठी. त्या टिकतात. म्हणजे..." तिने माझ्याकडे पाहिलं. मी मदत केली नाही. "म्हणजे तुमच्यानंतरही. तुमची हरकत असेल तर नाही ठेवणार."

 समोर मिठागराचा तुकडा उन्हात चमकत होता. वहिनी ओट्यावर बसून कोलंबी सोलत होत्या.

"म्हंजे मी गेलो तरी त्या ऱ्हानार? जित्या?"

"हो. गरम केल्या की पुन्हा वाढणार."

भाऊ वहिनींकडे वळले. छाती फुगली होती. "ऐकलास का गो? मी मेलो तरी हितंच हाय. भाईंदर पूर्वेला."

वहिनींनी मान वर केली नाही. हातातली कोलंबी सोलून टोपात टाकली आणि मृणालला विचारलं, "त्या पेशी बोलतात का गो?"

"नाही आई, पेशी कशा बोलतील?"

"मंग ठेव," वहिनी म्हणाल्या. "पायजे तितकी वर्सं ठेव."